निळा तो निळाच छापला जावा

जयंतीचा महिना तोंडावर आला की आपल्या वस्त्यांतून वर्गणीची पावतीपुस्तके फिरू लागतात. कुणी पन्नास देतो, कुणी शंभर देतो, कुणी पगार झाल्यावर देतो म्हणून सांगतो आणि पगार होताच आठवणीने आणून देतो. धुणीभांडी करणाऱ्या मावशी, नाक्यावर उभे राहणारे बिगारी, सफाई खात्यातले कामगार, रिक्षावाले यांच्या घामाच्या पैशातून मंडळाची पत्रके, पोस्टरे, कार्यक्रमपत्रिका आणि स्मरणिका छापल्या जातात. मग एका संध्याकाळी छापखान्यातून गठ्ठे येतात. सुतळी सुटते आणि कार्यकर्ते एकमेकांकडे बघू लागतात. मोबाईलवर लखलखीत दिसलेला निळा कागदावर जांभळा होऊन आलेला असतो.

छापखानेवाल्याला विचारावे तर तो म्हणतो, "तुमची फाइलच तशी होती." डिझाइन करणारा मुलगा म्हणतो, "माझ्या कॉम्प्युटरवर तर बरोबर दिसत होता." दोघेही खोटे बोलत नसतात. परंतु पैसे गेलेले असतात, हाताशी दिवस उरलेले नसतात आणि जांभळ्या झेंड्याची पत्रके घरोघर वाटावी लागतात. वाचक बंधू-भगिनींनो, हे दरवर्षी का घडते आणि ते कसे टाळावे, याची माहिती आम्ही या आठवड्याच्या सदरात देत आहोत. विषय छापखान्याचा असला तरी तो समजायला छापखान्यात नोकरी केलेली असावी लागत नाही. लग्नाची पत्रिका छापणाऱ्या प्रत्येक घराला ही माहिती उपयोगी पडेल.

रंगाला एवढे महत्त्व का?

कुणी म्हणेल, रंग थोडा इकडचा तिकडे झाला तर काय बिघडले? मजकूर तर वाचता येतो ना? एखाद्या दुकानाच्या जाहिरातीत पिशवीचा रंग बदलला तर फारसे बिघडत नाही, हे खरे आहे. पण आपला निळा हा शोभेचा रंग नाही. मोर्चात, दीक्षाभूमीच्या गर्दीत, ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत लांबून आपला माणूस आपल्याला त्या रंगावरून कळतो. त्या रंगाखाली उभे राहण्यासाठी आपल्या आई-वडिलांच्या पिढीने मार खाल्ला आहे. तो रंग कागदावर भलताच होऊन आला तर मनाला लागते आणि ते लागणे योग्यच आहे.

दुसरे असे की छपाईचे साधन आपल्या समाजाला सहज मिळालेले नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. पुढे १९२७ साली 'बहिष्कृत भारत' आणि १९३० साली 'जनता' निघाले. त्याच 'जनता'चे १९५६ साली 'प्रबुद्ध भारत' झाले. सदैव दुसऱ्याच्या छापखान्यावर विसंबून चालणार नाही हे ओळखून 'भारत भूषण' हा स्वतःचा छापखानाही बाबासाहेबांनी उभा केला. त्या काळी खिळे जुळवून मजकूर छापला जाई आणि रंगीत छपाई गरिबाच्या पत्राला परवडणारी नव्हती. आज तालुक्याच्या गावीसुद्धा चार रंगी छपाई होते. एवढ्या कष्टाने जे साधन हाती आले, ते नीट समजून वापरणे हे आपले काम आहे.

पडद्यावरचा निळा आणि कागदावरचा निळा

मोबाईलचा किंवा कॉम्प्युटरचा पडदा स्वतः प्रकाश देतो. लाल, हिरवा आणि निळा अशा तीन प्रकाशांच्या बारीक ठिपक्यांतून तो सगळे रंग तयार करतो. या पद्धतीला आरजीबी म्हणतात. तेथे निळा हा मूळ रंग आहे. निळा दिवा लावावा तसा तो पेटतो, म्हणून तो इतका तेजस्वी दिसतो.

कागद प्रकाश देत नाही. खिडकीतून किंवा ट्यूबलाइटमधून आलेला उजेड कागदावर पडतो, शाई त्यातला काही भाग शोषून घेते आणि उरलेला आपल्या डोळ्यांकडे परत येतो. छापखान्यात चार शाया वापरतात. सायन म्हणजे आकाशी, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, यलो म्हणजे पिवळी आणि ब्लॅक म्हणजे काळी. या पद्धतीला सीएमवायके म्हणतात. चारही शायांच्या चार वेगवेगळ्या प्लेटा असतात आणि एकाच कागदावर एकीवर एक अशा चार छपाया होतात. घरात शाळकरी मूल असेल तर त्याला भिंगातून वर्तमानपत्रातला रंगीत फोटो पाहायला सांगा. चेहरा, आकाश, झाड सगळे या चार रंगांच्या ठिपक्यांचे बनलेले दिसेल.

आता मुख्य मुद्दा. या चार डब्यांत आपला निळा नाही. तो आकाशी आणि गुलाबी या दोन शायांच्या मिश्रणातून तयार करावा लागतो. त्यात गुलाबी जरा जास्त झाली की निळ्याचा जांभळा होतो. पडद्यावरचा सर्वांत झगझगीत निळा तर या शायांना गाठताच येत नाही. कॉम्प्युटरला तो बदलून द्यायला सांगितले तर तो आपल्या हिशेबाने जवळचा आकडा काढतो. फोटोशॉपसारख्या प्रोग्रॅममध्ये सायन ८५ ते ९० आणि मॅजेंटा ७५ ते ८० च्या घरात जाते. काही प्रोग्रॅम तर दोन्ही शंभर शंभर करून टाकतात. असा आकडा कागदावर उतरला की तो जांभळाच दिसणार. चूक मशीनची नसते. जांभळा रंग फाइलमध्येच गेलेला असतो, पण उजळ पडद्यावर तो आपल्याला दिसत नाही.

रंग आकड्यांत सांगा

यावर उपाय सोपा आहे. डिझाइन करणाऱ्याला "चांगला निळा टाक" असे सांगू नका. प्रत्येकाच्या डोळ्यांतला चांगला निळा वेगळा असतो. त्याला आकडे सांगा. निळ्या झेंड्यासाठी सुरुवात म्हणून सायन १००, मॅजेंटा ६०, यलो ०, ब्लॅक ० असे आकडे धरावेत. कागद आणि मशीन यांच्याप्रमाणे त्यात थोडा फरक करावा लागेल, पण एक नियम पाळावा. निळ्या रंगात मॅजेंटाचा आकडा सायनच्या आकड्यापेक्षा निदान ३० ने कमी असला पाहिजे.

निळा अधिक गडद हवा असेल तर बहुतेक जण मॅजेंटा वाढवतात. तेथेच घोटाळा होतो. मॅजेंटा आहे तेवढेच ठेवावे आणि काळी शाई १० ते २० टक्के घालावी. रंग गडद होईल आणि निळाच राहील. पिवळी शाई मात्र शून्यावर ठेवावी, कारण तिच्यामुळे निळा मळका आणि हिरवट होतो.

मॅजेंटा कमी ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. छपाई चालू असताना मशीनवर शाई थोडी कमीजास्त होत असते. पहिल्या शंभर प्रती आणि शेवटच्या शंभर प्रती तंतोतंत एकसारख्या नसतात. मॅजेंटा ६० वर असेल तर थोडी वाढ झाली तरी निळा निभावून जातो. ते आधीच ८० वर असेल तर तेवढ्याच वाढीने तो जांभळ्याच्या बाजूला कलतो.

डिझाइनची सुरुवातच सीएमवायकेमध्ये केलेली बरी. कोरल ड्रॉ, फोटोशॉप यांसारख्या प्रोग्रॅममध्ये ती सोय असते. मोबाईलवर तयार केलेले डिझाइन बहुधा आरजीबीमध्ये असते. ते तसेच छापायला न देता डीटीपी करणाऱ्याकडून त्यातला प्रत्येक निळा आकडे घालून दुरुस्त करून घ्यावा. फोटोतल्या निळ्याला आकडे घालता येत नाहीत. बाबासाहेबांच्या निळ्या कोटाचे रंगीत चित्र असेल तर फोटोशॉपमध्ये 'सिलेक्टिव्ह कलर' नावाची सोय आहे. तेथे फक्त निळे भाग निवडून त्यांतले मॅजेंटा कमी करता येते. चेहऱ्याच्या रंगाला त्याने धक्का लागत नाही.

पंचशील ध्वज

१८८५ साली सिलोनमध्ये तयार झालेला हा ध्वज आज जगभरचे बौद्ध वापरतात. निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी असे पाच उभे पट्टे आणि त्याच पाच रंगांच्या आडव्या तुकड्यांचा सहावा पट्टा, अशी त्याची रचना आहे. छापताना यात दोन ठिकाणी गडबड होते. निळ्याबद्दल वर सांगितलेच आहे. दुसरी गडबड लाल आणि केशरी यांची. लाल हा मॅजेंटा १०० आणि यलो १०० यांतून होतो. केशरीसाठी यलो १०० ठेवून मॅजेंटा ५० च्या जवळपास ठेवावे. ते ७०-८० वर गेले की केशरी लालसर होतो आणि लांबून दोन्ही पट्टे एकच वाटू लागतात. पिवळा फिका वाटत असेल तर यलो १०० मध्ये मॅजेंटा ५ ते १० घालावे, त्याला ऊब येते.

पांढऱ्या पट्ट्याला शाई नसते. तो कागदाचाच रंग असतो. पांढऱ्या कागदावर कडेला असलेला ध्वज त्यामुळे मधेच तुटल्यासारखा दिसतो. सबंध ध्वजाभोवती एक बारीक राखाडी रेघ दिली तर ध्वज पूर्ण दिसतो.

आपल्या माणसांचे चेहरे

या विषयावर आम्हाला थोडे सविस्तर लिहायचे आहे. स्मरणिकेत जुन्या कार्यकर्त्यांचे, दिवंगत आई-वडिलांचे, गुणवंत विद्यार्थ्यांचे फोटो असतात. ते छापून आल्यावर बऱ्याचदा काळवंडलेले दिसतात. नाक-डोळे दिसेनासे होतात. मग पुढच्या वेळी डिझाइन करणारा सगळे चेहरे सरसकट उजळ करतो आणि आपली सावळी आजी कुणा परक्या घरातली वाटू लागते. पहिल्यात माणूस हरवतो, दुसऱ्यातही हरवतो.

चेहरा काळवंडण्याचे कारण समजून घ्या. कागदावर पडलेला शाईचा ठिपका थोडा पसरतो. फाइलमध्ये ५० टक्के असलेला ठिपका चकचकीत कागदावर ६५ च्या आसपास होतो आणि वर्तमानपत्राच्या कागदावर ७५ च्या आसपास जातो. गोऱ्या चेहऱ्यात शाई मुळातच कमी असल्याने तेवढ्या पसरण्याने फारसा फरक पडत नाही. सावळ्या चेहऱ्यातल्या मधल्या छटा मात्र बुजतात. म्हणून फोटोतल्या मधल्या छटा आणि सावल्या थोड्या मोकळ्या कराव्यात. त्यासाठी 'कर्व्हज' नावाची सोय वापरतात. सावल्या मोकळ्या करणे वेगळे आणि कातडीचा रंग बदलणे वेगळे. पहिले काम कौशल्याचे आहे. दुसरे काम, सावळा रंग म्हणजे दोष, या जुन्या समजुतीचे आहे.

ही समजूत यंत्रांच्या दुनियेतही शिरलेली होती. अमेरिकेतील कोडॅक कंपनी फोटो धुणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या स्त्रीचा छापील नमुना देत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिचा चेहरा नीट आला म्हणजे रंग बरोबर, असा हिशेब होता. काळ्या माणसांचे चेहरे त्या हिशेबात बसत नव्हते. वेगवेगळ्या वर्णाच्या स्त्रिया असलेले नमुने १९९० च्या दशकात आले. ज्याच्या चेहऱ्यावरून माप घेतले जाते त्याच्यासाठीच यंत्र नीट चालते, हा त्यातला धडा आहे. तेव्हा आपल्या स्मरणिकेत माप आपल्या माणसाचेच घ्या. डिझाइन करणाऱ्याला बजावून सांगा, "दादा, फोटो स्पष्ट कर. पण आमच्या आईला गोरी करू नकोस."

बाबासाहेबांचे आणि माता रमाईंचे जुने फोटो कृष्णधवल आहेत. ते चार रंगी पानावर छापताना त्यांवर हिरवट किंवा गुलाबी झाक येऊ शकते, कारण चार शायांचे प्रमाण जरा हलले तरी राखाडी रंग लगेच बिघडतो. असे फोटो 'ग्रेस्केल' करून फक्त काळ्या शाईत छापावेत, झाक येणार नाही. शिवाय इंटरनेटवरून उतरवलेला बोटभर फोटो मोठा करून छापू नये. छपाईसाठी एका इंचात ३०० बिंदू लागतात. म्हणजे ४ बाय ६ इंचांच्या फोटोला १२०० बाय १८०० बिंदू हवेत. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की त्यातले बरेच तपशील कापले जातात. तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा किंवा पेनड्राइव्हवर द्यावा.

अक्षरे फक्त काळ्या शाईत

पत्रिकेतली नावे, त्रिसरण-पंचशील, पत्ता, वेळ हा बारीक मजकूर काळा ठेवायचा असेल तर तो फक्त काळ्या शाईत १०० टक्के असावा. आरजीबीतला काळा बदलताना कॉम्प्युटर चारही शाया मिसळतो. चार प्लेटांपैकी एखादी केसभर सरकली की प्रत्येक अक्षराला रंगीत सावली पडते आणि वयस्कर माणसांना मजकूर वाचता येत नाही. संपूर्ण डिझाइन जेपीजी चित्र म्हणून दिल्यास हेच होते. त्यापेक्षा पीडीएफ द्यावी आणि मराठी अक्षरे 'कर्व्हज'मध्ये बदलून द्यावीत, म्हणजे छापखान्यात तो फॉन्ट नसला तरी काना-मात्रा उडत नाहीत.

निळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे सुंदर दिसतात, परंतु ती ठळक आणि मोठी असावीत. बारीक अक्षरांच्या पोटात शाई शिरते आणि अनुस्वार दिसेनासे होतात.

कागद पाहून रंग ठरवा

एकच फाइल तीन कागदांवर छापली तर तीन निळे दिसतात. आर्ट पेपर चकचकीत असतो. त्यावर शाई वर राहते आणि रंग खुलतो. मॅपलिथोवर शाई आत मुरते आणि रंग थोडा मंद होतो. वर्तमानपत्राचा कागद मुळातच मळकट असल्याने त्यावर सगळेच रंग बसके दिसतात. तेथे शाई जास्त घालून रंग खुलत नाही. उलट कागद ओला राहतो आणि डाग पडतात. चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज आर्ट पेपरवर ३०० च्या आत आणि वर्तमानपत्री कागदावर २४० च्या आसपास ठेवावी. म्हणून डिझाइन करण्यापूर्वीच कागद ठरवा आणि त्याच कागदावर आधी छापलेले एखादे काम छापखान्यात पाहून घ्या.

कमी पैशात खरा निळा

ही गोष्ट आमच्या वाचकांनी जरूर लक्षात ठेवावी. चार रंगी छपाई म्हणजेच चांगली छपाई, असे नाही. हजार-दोन हजार हँडबिले काढायची असतील तर एक रंगी मशीनवर निळ्या शाईत छापा. तेथे छापखानेवाला निळ्या शाईचा डबाच मशीनवर चढवतो. दोन शायांचे मिश्रण नाही, ठिपक्यांचा खेळ नाही, जांभळा होण्याची भीती नाही. डब्यात जो निळा तोच कागदावर. प्लेट एकच लागत असल्याने खर्चही कमी येतो. शाईच्या कंपन्यांची शेड कार्डे असतात. त्यातून आपल्या झेंड्याशी जुळणारा निळा निवडता येतो. 'रिफ्लेक्स ब्लू' नावाची शाई घेतली तर एक काळजी घ्यावी. ती वाळायला वेळ घेते. घाईने गठ्ठे बांधले तर वरच्या कागदाच्या पाठीवर डाग उमटतात.

त्याच एका शाईत दोन छटा मिळतात. पार्श्वभूमी २० टक्के ठेवली तर फिकट आकाशी दिसते आणि वरची अक्षरे १०० टक्के गडद निळी येतात. थोडा अधिक खर्च परवडत असेल तर काळा आणि निळा असे दोन रंगी काम करावे. मजकूर काळा, शीर्षक आणि झेंडा निळा. असे पत्रक बिघडलेल्या चार रंगी पत्रकापेक्षा कितीतरी देखणे दिसते.

स्वस्त दरातल्या काही चार रंगी कामांत एकाच मोठ्या कागदावर अनेक गिऱ्हाइकांची कामे एकत्र छापतात. दर कमी पडतो तो त्यामुळे. पण तेथे तुमच्या निळ्यासाठी मशीनमनला शाई कमीजास्त करता येत नाही, कारण त्याच पट्ट्यात दुसऱ्याच्या मिठाईचा फोटो असतो. रंग महत्त्वाचा असेल तर काम स्वतंत्र छापणार की एकत्र, हे दर ठरवतानाच विचारून घ्या.

प्रूफ पाहिल्याशिवाय होकार नको

धम्मवंदनेत आपण रोज 'एहिपस्सिको' म्हणतो. या आणि स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ आहे. कुणी सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असेच तथागतांनी कालामांना सांगितले. छापखान्यातही हाच मार्ग धरावा. मोबाईलवर आलेले चित्र पाहून "ओके" असे लिहून पाठवू नका. त्या चित्रावरून मजकूर तपासता येतो, रंग तपासता येत नाही.

कागदावरचे प्रूफ मागा. ते शक्यतो ज्या कागदावर काम छापायचे त्यावरच असावे. ते दिवसा, खिडकीजवळच्या उजेडात पाहा. पिवळ्या बल्बखाली निळा रंग काळपट दिसतो आणि भर उन्हात सगळेच रंग छान वाटतात. प्रूफशेजारी आपला कापडी झेंडा ठेवून पाहिला तर उत्तमच. कापड आणि कागद तंतोतंत जुळणार नाहीत, पण निळा जांभळ्याकडे गेला आहे की नाही हे लगेच कळेल. साध्या रंगीत प्रिंटरचे प्रूफ आणि मशीनची छपाई यांतही थोडा फरक राहतो. मोठे काम असेल तर छपाई सुरू होताना मंडळातल्या एकाने मशीनपाशी हजर राहावे. पहिल्या काही प्रतींत मशीनमन शाई बसवत असतो. तेव्हाच सांगितले तर तो मॅजेंटा कमी करू शकतो. दोन हजार प्रती निघाल्यावर सांगून उपयोग नाही. पसंत पडलेल्या प्रतीवर सही आणि तारीख घालून एक प्रत आपल्याकडे ठेवावी, एक छापखान्यात. पुढे वाद झाला तर हीच प्रत बोलते.

हे काम मंडळातल्या एखाद्या ताईंकडे द्यायला हरकत नाही. साडीच्या दुकानात दिव्याखाली रंग न पाहता दारात उजेडात नेऊन पाहणाऱ्या आपल्या माता-भगिनींना हे वेगळे शिकवावे लागत नाही.

छापखान्यात जाण्यापूर्वी

पुढील गोष्टी कागदावर लिहून बरोबर न्याव्यात.

१. कागद कोणता, किती जीएसएमचा, प्रती किती.
२. एक रंगी, दोन रंगी की चार रंगी. चार रंगी असेल तर स्वतंत्र छापणार की इतरांबरोबर.
३. फाइल सीएमवायकेमध्ये आहे का. निळ्याचे आकडे काय आहेत.
४. बारीक अक्षरे फक्त काळ्या शाईत आहेत का.
५. फोटो ३०० बिंदूंचे आहेत का. चेहरे स्पष्ट आहेत का, रंग बदललेले नाहीत ना.
६. रंग कागदाच्या कडेपर्यंत हवा असेल तर तो चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर काढला आहे का. नाहीतर कापताना पांढरी रेघ राहते.
७. कागदावरचे प्रूफ केव्हा मिळेल. लॅमिनेशन करायचे असेल तर ते कोणते. चकचकीत लॅमिनेशनने रंग खुलतो, मॅटने थोडा शांत होतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेळ. ११ एप्रिलला फाइल देऊन १३ ला गठ्ठे मागितले तर प्रूफ कोण काढणार आणि निळा कोण दुरुस्त करणार? घाईत छापलेला रंग कुणाच्याच हातात राहत नाही. निदान पंधरा दिवस आधी काम द्यावे.

जाता जाता आणखी एक गोष्ट आमच्या तरुण वाचकांसाठी. डीटीपी आणि ऑफसेट मशीन चालवणे हे पोट भरणारे हुन्नर आहे. काही आयटीआयमध्ये त्याचे अभ्यासक्रम आहेत. मुंबईत शासनाची मुद्रण तंत्रज्ञान संस्थाही आहे. आपल्या वस्तीतला एक मुलगा किंवा एक मुलगी हे काम नीट शिकली तर तिचे घर उभे राहील आणि आपल्या निळ्यासाठी कुणाची मनधरणी करावी लागणार नाही.

वस्तीच्या भिंतीवर वर्षभर राहिलेले पोस्टर कधी निरखून पाहा. उन्हाने पिवळी आणि गुलाबी शाई आधी उडते. आकाशी आणि काळी शाई बराच काळ टिकते. म्हणून जुनी पोस्टरे निळसर दिसतात. ऊन आपले काम करते आणि तेथे निळा आपोआप उरतो. छपाईच्या दिवशी मात्र तो आपोआप येत नाही. आकडे सांगून, प्रूफ पाहून, मशीनपाशी उभे राहून तो आणावा लागतो. मावशींच्या पन्नास रुपयांचा तेवढा मान राखलाच पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!